एकटीचा कारखाना

“ते कारखान्यात गेलेत. संध्याकाळी या.”

हा आवाज मशीनकाकूंच्या आईचा. काकू तेव्हा दारामागे मावण्याइतक्या लहान होत्या. दाराशी पाहुणा येवो, वसुलीवाला येवो, नाहीतर सख्खा मामा, आई दार अर्धंच उघडायची आणि वडिलांबद्दल एवढंच म्हणायची. त्यातला ‘कारखान्यात’ हा शब्द ती असा उच्चारायची, की जणू फडताळातलं ठेवणीतलं भांडं काढून, पदरानं पुसून समोर ठेवलंय. ऐकणारा माणूस आपोआप एक पायरी खाली उतरायचा. मामासुद्धा. कारखान्यात गेलेल्या माणसाला हाक मारायची नसते, हे जगाला न शिकवता कळलेलं होतं.

दार लावून आई बोळकांडीतल्या शिलाई मशीनवर जाऊन बसायची आणि कॉलरी शिवायची. दुसऱ्यांच्या शर्टांच्या, ढिगानं, दिवसभर. तिच्याकडे कुणी आलं की मात्र दार सताड उघडं. “ये की, घरीच आहे. घरीच तर असते मी.” मग मशीनवर चादर, गॅसवर चहा आणि कॉलरी टोपलीत. पाहुणी गेली की चादर पुन्हा वर. पायडल मारता मारता आई गुणगुणायची,

पायांनी चालते गं बाई, जागची हलेना
गावभर टीप गेली, घर काही संपेना

छोट्या काकूंना वाटायचं, हा उखाणा आहे आणि उत्तर ‘मशीन’. उत्तर ‘आई’ आहे हे कळायला निम्मं आयुष्य गेलं, आणि तोवर बरोबर उत्तराला शाबासकी देणारी राहिली नव्हती.

असो. सांगायचं आहे ते पाटीबद्दल.

मशीनकाकूंचं घर तळमजल्यावर, आणि घराला मागे एक खोली. खोलीला दोन दारं. एक स्वयंपाकघरात उघडणारं, दुसरं मागच्या अंगणात. तिथे आजारी शिलाई मशीनं यायची. टाके सोडणारी, दोरा खाणारी, लग्नात मिरवत आलेली आणि माळ्यावर गंजत पडलेली. काकू त्यांना चिमणीएवढ्या बुधलीतून तेल पाजायच्या, शटल काढून त्यात अडकलेली जुनी सुतं चिमट्यानं ओढायच्या, चाकाला कान लावून ऐकायच्या. मग एका चिंधीवर टीप मारून बघायच्या. टीप सरळ, टाके सारखे, की मशीन बरं झालं. ती चिंधी त्या मशीनला बांधून देत. आजारातून उठलेल्या लेकराला काळा दोरा बांधावा तशी.

सगळी वस्ती त्यांना मशीनकाकू म्हणे. एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान.

यजमानांना सगळी बिल्डिंग ‘साहेब’ म्हणायची. ते निवृत्त झाले हेडक्लार्क म्हणून, पण निरोपाच्या समारंभात शिपायानं गहिवरून त्यांना साहेब म्हटलं आणि साहेबांनी ती चूक दुरुस्त केली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मसुद्यातल्या चुका दुरुस्त केलेल्या माणसाला एवढी सूट हवीच. तर या साहेबांकडे बायकोच्या कामासाठी एकच शब्द होता. खुडबुड.

“बायको काय करतेय रे तुझी?” त्यांची थोरली बहीण फोनवर विचारायची.

“आहे आत. तिची खुडबुड चाललीय.”

उंदीरही खुडबुड करतो. काकूंनी हे एकदा त्यांना बोलूनही दाखवलं होतं. साहेब म्हणाले, “शब्दाला काय धरून बसतेस.” ज्या माणसानं ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ यांच्यातल्या फरकावरून एका सहकाऱ्याशी सहा महिने अबोला धरला, त्यानं हे म्हणावं.

तर एक दिवस काय झालं, लांबच्या गल्लीतली एक शिंपीणबाई आपलं मशीन डोक्यावर घेऊन आली. तिनं पुढच्या दाराची बेल वाजवली. साहेबांनी दार उघडलं.

“मशीन दुरुस्तीचा कारखाना हाच का हो?”

साहेबांनी आपल्या दाराकडे, नावाच्या पितळी पाटीकडे आणि पायपुसण्याकडे एकवार पाहिलं. “छे हो. हे घर आहे,” ते म्हणाले, आणि दार लावलं. शिंपीणबाई तेवढं लोखंड डोक्यावर घेऊन आली तशी परत गेली. काकू तेव्हा मागच्या खोलीत, चार पावलांवर, रिकाम्या हातानं बसून होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारात ती भेटली तेव्हा मान चोळत होती. काकूंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिचं मशीन स्वतः रिक्षात घालून आणलं आणि त्याच पावली रंगाऱ्याकडे गेल्या.

“पाटी करायचीय.”

“काय लिहू?”

“कारखाना.”

रंगारी जुना माणूस. त्यानं ब्रश खाली ठेवला. “काकू, ‘केंद्र’ लिहा. हल्ली सगळे केंद्रच लिहितात. केसं कापायचं केंद्र, चपला शिवायचं केंद्र. ‘कारखाना’ लिहिलं की लोक मान वर करून चिमणी शोधतात.”

“शोधू देत. मानेचा व्यायाम होईल.”

पाटी वाळायला दोन दिवस लागणार होते. तेवढा वेळ बिल्डिंगला पुष्कळ झाला. ज्या बिल्डिंगीत पाण्याची टाकी फुटली तेव्हा एक माणूस खाली उतरला नव्हता, तिथे एका शब्दासाठी जिन्यात गर्दी झाली.

सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, ‘ऑफिस’ लिहा. ऑफिस कुणाच्या अध्यातमध्यात नसतं.”

हे साहेबांच्या वर्मी लागलं. “ऑफिस? ऑफिस म्हणजे काय वाटलं तुम्हाला? टेबल लागतं, ट्रे लागतो, आवक लागते, जावक लागते. जिथे माणसाचे हात संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहतात त्याला ऑफिस म्हणतात.”

“मग माझं नव्हेच ते,” काकूंनी तेलकट हात पुढे करून दाखवले. “बघा, तुमचंच म्हणणं.”

वरच्या मजल्यावरचा लॅपटॉपवाला ‘स्टुडिओ’ म्हणाला. त्याची आई म्हणाली, काही न लिहिता नुसता बाण काढा, बाणावर कुणी हरकत घेत नाही. समोरच्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या पण शिकवण्यातून नव्हे, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबल्या आणि मग चष्मा पुसत म्हणाल्या, “कार म्हणजे काम. खाना म्हणजे घर, जागा. छापायचं घर छापखाना, औषधाचं घर दवाखाना, तसं कामाचं घर कारखाना. चिमणी कुठल्याच अक्षरात बसलेली नाही.”

“शब्दाची फोड करून कारखाने उभे राहत नाहीत, बाई,” साहेब म्हणाले. “कारखाना म्हणजे भोंगा. पाळी. कामगार. मालक.”

“कामगार मी,” काकू म्हणाल्या. “मालकही मीच. पाळी सकाळची. भोंग्याला तुम्ही आहातच.”

जिना हसला. जिन्यानं आपल्याला हसावं हे साहेबांना पूर्वी कधी सोसावं लागलं नव्हतं. ते घरात गेले, टेबलाशी बसले, आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ऑफिसातल्या माणसाला एखादी गोष्ट व्हायला नको असेल तर तो विरोध करत नाही. विरोध अडाणी माणसं करतात. तो वरच्या कचेरीकडून मार्गदर्शन मागवतो. कागद वर जातो, वरून आणखी वर जातो, आणि जसा धूर आभाळात विरावा तसा विरतो. तोवर गोष्ट आपोआप मरते आणि कुणाच्या हाताला रक्त लागत नाही. साहेबांनी अशी कितीतरी प्रकरणं पुरली होती आणि त्यांच्यावर गवतही उगवलं होतं. त्यांनी कारखान्यांच्या कचेरीला आपल्या सर्वोत्तम अक्षरात लिहिलं, की ‘एकाच व्यक्तीच्या खुडबुडीस कारखाना ही संज्ञा लावता येते किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे’. आणि ते निर्धास्त झोपले.

पण त्या कचेरीत इतकं सुबक पत्र कित्येक वर्षांत आलं नव्हतं. ते वाचलं गेलं. वाचलं गेलं एवढंच नाही, त्यावर कार्यवाही झाली. पाटी लागून आठवडा उलटतो न उलटतो, तो इन्स्पेक्टर दारात.

“तुमच्याकडूनच पत्र आलं होतं,” ते काकूंना म्हणाले. “फार सुरेख मसुदा. आम्ही तो नव्या पोरांना दाखवायला ठेवलाय.”

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, म्हणून त्याच्याकडे बराच वेळ पाहता आलं.

“या,” काकू इन्स्पेक्टरांना म्हणाल्या. “बघा माझा कारखाना.”

इन्स्पेक्टर सज्जन गृहस्थ होते, आणि सज्जन माणूस नियमाला चिकटला की त्याच्याहून अवघड कुणी नाही. त्यांनी खिडकी मोजली, दिवा लावून पाहिला, भिंतीवर बोट फिरवून तेल हुंगलं. “कामगार किती?”

“मी.”

“आणखी?”

“मी काय कमी आहे?”

“तसं नव्हे काकू. एकटीचा कारखाना होत नाही.”

“मग एकटीचं काय होतं?”

इन्स्पेक्टरांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. “ते आमच्याकडे येत नाही,” ते म्हणाले. “दुकानांच्या कचेरीत विचारा.”

दुकानांच्या कचेरीत काकू पाटी पिशवीत घालून गेल्या. तिथल्या माणसानं विचारलं, “विकता काय?” काही विकत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग दुकान कसं होईल? घरगुती उद्योगांच्या खिडकीवर जा. घरगुतीच्या खिडकीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी जिव्हाळ्यानं विचारलं, “पापड की मेणबत्त्या?” काकूंनी शटल, बॉबिन आणि मशीनच्या दात्यांबद्दल सांगितलं. बाईंनी लांबलचक यादीवर बोट फिरवलं आणि मान हलवली. मेणबत्त्या असत्या तर आज झालं असतं, त्या हळहळून म्हणाल्या. काकू ज्या पावलांनी गेल्या त्या पावलांनी परत आल्या. म्हणजे एका जिवंत बाईनं दिवसभर कष्ट करावेत आणि त्या जागेला अख्ख्या राज्यात नाव नसावं. जागेला नाव नसलं की काम हवेत होतं. हवेतल्या कामाला मग लोक खुडबुड म्हणतात. लोकांचं तरी काय चुकलं?

पण इन्स्पेक्टरांनी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, सहज, चपला घालताना. “खरं सांगू काकू, स्वयंपाकघरातून येण्याजाण्याचं दार आहे ना, त्यानं घोळ होतो. कामाची जागा घरापासून वेगळी दिसली तर कुणी काही म्हणू तरी शकेल.”

हे वाक्य काकूंनी पदराच्या गाठीला बांधलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंपीणबाईला बोलावलं, आणि दोघींनी मिळून फडताळ ओढत नेऊन स्वयंपाकघरातल्या दारासमोर उभं केलं. डबे, बरण्या, कपबशांसकट. भिंत झाली. साहेब दाढीचा साबण गालांवर घेऊन बघत राहिले.

“अगं, आणि तू आत कशी जाणार?”

“लोक कामावर कसे जातात?”

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी केस नीट विंचरले, चांगल्यातली साडी नेसल्या, डबा घेतला. पुढच्या दाराशी येऊन चपला घातल्या.

“येते हं,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“कामावर.”

साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात चहाचा घोट घेतला गेला आणि ते त्याच्याबरोबर आत गेलं.

काकू पुढच्या दारानं बाहेर पडल्या. जिन्याखालून, सायकलींना वळसा घालून, नळाजवळून, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली वाकून मागच्या अंगणात आल्या आणि त्यांनी कारखान्याचं कुलूप उघडलं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंतची ती वाट. कुणी म्हणेल, काय हा वेडेपणा, फडताळाच्या अलीकडून पलीकडे जायला अख्ख्या बिल्डिंगीला प्रदक्षिणा. पण काकूंना ते चार झाडांचं अंगण कसं दिसलं म्हणून सांगू. आई आयुष्यभर पायडलवर चालली आणि बोळकांडीतून हलली नाही; तिची सगळी चाल लेकीच्या पायांत साठून राहिली असावी. पहिल्या दिवशी काकू नळापाशी उगीचच थांबल्या, आणि मग मुद्दाम लांबच्या बाजूनं गेल्या.

दारावर त्यांनी आणखी एक पाटी लावली. ‘कामाशिवाय आत येऊ नये’. शेजारी घंटा टांगली. कुणाला बसायला बाकडं ठेवलं. वाळूची बादली ठेवली, कारण इन्स्पेक्टर बादलीबद्दल फार हळवे होऊन बोलले होते. जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्या वेळात आपण मालक आहोत हे विसरून त्या स्वतःला एकदाही लवकर उठवत नसत.

आता साहेबांचे हाल ऐका. संसारात माणसाला दिवसातून किती वेळा हाक मारावी लागते, हे हाक मारायची सोय गेल्याशिवाय कळत नाही. साखर कुठाय? हाक मारली तर फडताळातल्या बरण्या हलतात, उत्तर येत नाही. मग चपला घाला, जिन्याखालून जा, सायकली, नळ, दोऱ्या, अंगण. घंटा वाजवा.

“काय काम आहे?” आतून आवाज.

“अगं, मी आहे.”

“ते दिसतंय. काम काय आहे?”

“साखर...”

“साखरेचं इथे काही नाही. इथे मशीनं दुरुस्त होतात. सुट्टीत या.”

बाकड्यावर तीन बायका आणि एक म्हातारा शिंपी बसलेला. म्हाताऱ्यानं सरकून साहेबांना जागा दिली आणि विचारलं, “तुमचं काय बिघडलंय?” त्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि डॉक्टरांनी कधीपासूनच तसं सांगितलंय असं मास्तरीणबाईंना सांगितलं.

पण माणूस सवयीचा गुलाम. साहेब रोज यायला लागले. कधी किल्लीसाठी, कधी गॅस कुठून बंद होतो म्हणून, कधी कशासाठी आलो हेच विसरून. पाळी येईपर्यंत बाकड्यावर बसावं लागायचं, आणि बाकड्यावर बसलं की ऐकू यायचं. म्हातारा शिंपी सांगायचा, “तिघांना दाखवलं. तिघं म्हणाले भंगारात घाला. या बाईंनी नुसतं चाक फिरवलं, डोळे मिटले, म्हणाल्या, खालचा दात झिजलाय. आता माझं पोट चाललंय त्याच्यावर.” साहेब ऐकायचे आणि नळाकडे बघायचे. एकदा एका बाईचं मशीन जड होतं, तर त्यांनी एका बाजूनं हात लावून उंबऱ्यापर्यंत नेलं. उंबऱ्याशी थांबले. हाताला तेल लागलं होतं. ते पुसायला त्यांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा खिशात ठेवला. काकूंनी हे खिडकीतून पाहिलं. त्यांना हवा होता तो एक शब्द, आणि तो काही रुमालात गुंडाळून येणार नव्हता.

कारण बहिणीचा फोन आला की अजूनही तेच. “आहे ना. मागे आहे. खुडबुड.”

एवढं चालत असताना सोसायटी गप्प बसेल तर ती सोसायटी कसली. नोटीस आली, साहेबांच्या नावानं, घर त्यांच्या नावावर म्हणून. राहत्या इमारतीत कारखान्यास मनाई आहे. एकतर सदर खोलीत केवळ छंद जोपासला जातो असं पत्नीनं सही करून द्यावं आणि पाटी उतरवावी. नाहीतर अंगणातलं दार विटांनी बुजवण्यात येईल.

विटांनी. म्हणजे मग उरणार स्वयंपाकघराचं दार. फडताळ बाजूला. चादर मशीनवर. चहा गॅसवर. घरीच तर असते.

त्या संध्याकाळी काकू कारखान्याला कुलूप लावून घरी आल्या तेव्हा साहेबांनी पाणी आणून दिलं. नोटीस पेल्याखाली होती.

“एक सही तर आहे,” ते म्हणाले. “छंद म्हणायला काय जातं? काम तेच राहील.”

“तुम्ही इतकी वर्षं फायली हलवल्यात त्या छंद म्हणून?”

“मी ऑफिसात जात होतो.”

“मी कारखान्यात जाते.”

“हे बघ, मी तुझ्या विरोधात नाही.”

“तुम्ही विरोध कधीच करत नाही,” काकू म्हणाल्या. “तुम्ही मार्गदर्शन मागवता.”

साहेब नोटिशीची घडी उलगडत राहिले, घालत राहिले. काकू पाणी पिऊन म्हणाल्या, “मी सही करणार नाही. त्यांना विटा लावायच्या तर माझ्यासकट लावू देत. आत भरपूर काम आहे, वेळ जाईल माझा.”

सेक्रेटरी सहीसाठी येणार होते त्याच दिवशी, सकाळच्या गाडीनं, साहेबांच्या ताई आल्या. न कळवता. त्या नेहमी न कळवताच यायच्या. कळवलं की माणसं तयारीत असतात, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी त्यांना नमस्कार केला, खाली बसवलं, खुशाली विचारली, आणि डबा उचलला.

“कुठे निघालीस गं?”

“कामावर, वन्सं. जेवणाच्या सुट्टीत भेटते.” आणि त्या गेल्या. ताई उघड्या दाराकडे बघत राहिल्या. असा अपमान त्यांना एवढ्या प्रवासानंतर अगदीच अनपेक्षित होता.

कारखान्यात त्या दिवशी टेबलावर एक मशीन होतं. काळं, सोनेरी वेलीचं, सेक्रेटरींच्या आईचं. सेक्रेटरींच्या बायकोनं ते गुपचूप, गोधडीत गुंडाळून पाठवलं होतं; बाकड्यावर बसलेल्या साहेबांच्या नजरेतून मात्र ते सुटलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांना त्याचा आवाज एकदा ऐकायचा होता. काकूंनी शटल बसवलं, पट्टा चढवला, चिंधी घातली. टीप मारायला घेतली आणि फडताळापलीकडून आवाज आले. लाकूड पातळ, बरण्या काचेच्या. सगळं ऐकू यायचं.

“साहेब, वहिनींना बोलवा जरा.” सेक्रेटरी. “सहीपुरतं.”

“हो रे, बोलाव तिला.” ताई. “मी आल्यापासून बघतेय, घरात बाई असून नसल्यासारखी. काय ती तिची खुडबुड.”

काकूंचा हात चाकावर होता. पाय पायडलवर. थांबावं असं त्यांच्या मनात आलं. एक हाक आली असती तर त्या थांबल्याही असत्या. इतक्या वर्षांची पायांची सवय. पण मग त्यांनी पाय रेटला. टीप पुढे निघाली, सरळ, टाका टाक्याला धरून. पलीकडे बरण्या किणकिणायला लागल्या.

“ती घरी नाही,” साहेबांचा आवाज आला.

“नाही कसं?” सेक्रेटरी हसले. “आवाज येतोय की मशीनचा.”

“तो तुमच्याच मशीनचा आहे. तुमच्या मातोश्रींच्या. सूनबाईंनी दिलंय. छंद म्हणून दुरुस्त करायचं असेल तर तसं लिहून द्या. मग छंदाला केव्हा सवड होईल ते छंद बघेल.”

मग सेक्रेटरी वेगळ्याच आवाजात म्हणाले, “आईचं? चालतंय ते?”

“कान आहेत ना तुम्हाला.”

मशीन चालत होतं. चिंधी संपत आली होती. काकूंनी न थांबता तिला दुसरी जोडली.

“अरे, पण हे काय चाललंय काय?” ताईंचा आवाज चढला. “मी विचारतेय सरळ. तुझी बायको आहे कुठे?”

खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं. पुढच्या दाराची कडी, आणि ते दार, नेहमीसारखं सताड नाही, अर्धंच उघडल्याची करकर. काकूंना ती करकर ओळखू आली. लहानपणी आईच्या दारामागे उभं राहून तसलीच त्यांनी कितीदा तरी ऐकली होती. साहेबांनी घसा साफ केला, जसा मोठ्या कागदावर सही करण्याआधी करत असत.

“ती कारखान्यात गेलीये,” ते म्हणाले. “संध्याकाळी या.”